बेवारस बॅगेला पहिला हात कोणी लावायचा?

एसटी स्टँडवर बेवारस बॅग दिसते. कुणीतरी ११२ ला फोन करतं, फलाट रिकामे होतात, गाड्या बाहेरच्या बाहेर वळवल्या जातात, बॉम्बशोधक व नाशक पथक येतं, श्वान येतं, आणि दोन-तीन तासांनी बॅगेतून निघतात मळके कपडे, चार्जर आणि कुणा विद्यार्थ्याची जर्नल्स. सातारा-सांगलीत असं काही घडलं की पुढे आठवडाभर जो वाद चालतो, त्यात हल्ली एका यंत्राचा विषय हमखास निघतो: बॅकस्कॅटर एक्स-रे. बॅगेच्या एकाच बाजूला उभं राहून आतलं चित्र दाखवणारं हे यंत्र जिल्ह्याच्या पथकाला द्यावं की नाही, यावर लोक हिरिरीने बोलतात, आणि माझ्या मते दोन्ही बाजू भलत्याच मुद्द्यावर भांडतात. एक बाजू म्हणते, यंत्र आलं की बॉम्ब लपूच शकणार नाही. दुसरी विचारते, भर गर्दीत किरण सोडून लोकांना कॅन्सर देणार का? पहिलीला यंत्र काय करतं ते ठाऊक नाही, दुसरीला किरण काय करतात ते. संशयित वस्तूला पहिला हात कोणी, कधी आणि काय पाहून लावायचा, हा खरा प्रश्न. तो मात्र कुणी विचारतच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांच्या पथकांकडे हे यंत्र असलं पाहिजे. ते फक्त वस्तूंसाठी वापरलं पाहिजे, माणसांवर कधीही नाही. पडद्यावरचं चित्र वाचणारी माणसं आधी तयार झाली पाहिजेत, यंत्र नंतर यावं. आणि 'बॉम्ब शोधणारं यंत्र' म्हणून ते कुणी गळ्यात मारणार असेल तर माझा विरोध आहे, कारण ते बॉम्ब शोधत नाही. अनोळखी वस्तू न हलवता, न उघडता तिच्या आत कशाची काय मांडणी आहे याचा अंदाज ते देतं. एवढंच. पण ज्या जवानाला त्या वस्तूकडे एकट्याने चालत जायचं असतं, त्याच्यासाठी हे 'एवढंच' फार मोठं आहे.

नेहमीचा एक्स-रे कसा काढतात हे मिरजेच्या दवाखान्यांत कधीतरी बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूला फिल्म किंवा आताची डिजिटल पाटी, मधे आपला हात. जे किरण आरपार जातात त्यांचं चित्र उमटतं. हाड त्यांना अडवतं म्हणून वेगळं दिसतं. पण सगळे किरण आरपार जातात किंवा शोषले जातात असं नाही. काही किरण पदार्थातल्या इलेक्ट्रॉनवर आदळून दिशा बदलतात आणि त्यातले काही आल्या बाजूला परत येतात. या विखुरण्याचा उलगडा आर्थर कॉम्प्टन यांनी १९२३ मध्ये केला. १९२७ चं नोबेल त्यासाठीच मिळालं, आणि १९२८ च्या आपल्या शोधाकडे जाताना सी. व्ही. रामन यांनाही या कामाने बळ दिलं. पावसाळ्यात पसरणीच्या घाटात गाडीचे मोठे दिवे लावले की धुक्यावरून उजेड उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो, तसं हे आहे. बॅकस्कॅटर यंत्र किरणांची एक बारीक शलाका वस्तूवरून ओळीओळीने फिरवतं, प्रत्येक ठिकाणाहून किती किरण परत आले ते मोजतं आणि त्या मोजणीचं चित्र बनवतं. किरण सोडणारी नळी आणि ते टिपणारा भाग एकाच बाजूला असतात. कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे पदार्थ बरेच किरण परत पाठवतात, म्हणून ते उजळ दिसतात. लोखंड, तांबं, शिसं किरण गिळून टाकतात, म्हणून काळे दिसतात. आरपारच्या एक्स-रेत धातू ठळक आणि प्लास्टिक, कापड, पीठ पुसट येतं. इथे नेमकं उलट. बहुतेक स्फोटकं हलक्या अणूंचीच बनलेली असल्यामुळे जे एरवी पुसट राहतं तेच इथे पुढे येतं.

आता हे प्रत्यक्षात कुठे कामी येतं ते पाहा. स्टँडवरचे बाक बहुधा भिंतीला लागून असतात, आणि राहून गेलेली बॅग बहुधा बाकाखाली, भिंतीला टेकलेली असते. साध्या पोर्टेबल एक्स-रेने ती पाहायची तर तिच्यामागे पाटी सरकवावी लागते. भिंत आणि बॅग यांच्यात चार बोटांचीही जागा नसते. मग तीस-पस्तीस किलोंचा बॉम्बसूट घातलेला जवान, घामाने हेल्मेटची काच धुरकट झालेली असताना, गुडघ्यांवर बसतो, एका हाताने बॅग जराशी पुढे घेतो आणि दुसऱ्या हाताने पाटी मागे घालतो. नाहीतर बॅगेच्या बंदात हुक अडकवून लांबून दोरीने ओढतात. दोरीची पद्धत जुनी आणि शहाणपणाची आहे, पण हुक अडकवायलाही कुणाला तरी जवळ जावंच लागतं. दोन्ही प्रकारांत आत काय आहे हे कळण्याआधी बॅग हलते, आणि तेच तर टाळायचं असतं. एका बाजूने पाहणारं यंत्र असेल तर बॅग जिथे आहे तिथेच राहते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खरा आहे: हातात धरायचं यंत्रही वस्तूच्या अगदी जवळ न्यावं लागतं, कारण परत येणारे किरण अंतर वाढेल तसे झपाट्याने क्षीण होतात. म्हणजे जवान जवळ गेलाच की! गेला. पण बॅगेपाशी वाकून पाटी बसवणं, मागे येणं, चित्र पाहणं, कोन चुकला म्हणून पुन्हा जाणं, आणि एकदा समोरून यंत्र फिरवून मागे येणं, यांत तो जवान बॅगेजवळ किती वेळ काढतो याचा फरक आहे. शिवाय यंत्र माणसानेच धरलं पाहिजे असं कुठे आहे? पुण्याजवळ दिघीला डीआरडीओच्या अभियंत्यांनी घडवलेला 'दक्ष' हा दूरनियंत्रित यंत्रमानव एक्स-रे उपकरण आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बॉम्बची जोडणी तोडणारी नळी घेऊन चालतो. साताऱ्यापासून दोन-तीन तासांवर हे काम झालेलं आहे. एका बाजूचं यंत्र अशा गाड्यावर बसवणं आरपारच्या यंत्रापेक्षा सोपं, कारण मागची पाटी धरायला दुसरा हात लागत नाही.

१३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत जे झालं ते या भागात कुणी विसरलेलं नाही. टेबलाखाली राहिलेली बॅग एका वेटरने उघडायला घेतली आणि स्फोट झाला, असं तेव्हा सांगितलं गेलं. १७ जीव गेले. यंत्र असतं तर ते वाचले असते असं मी म्हणणार नाही. तिथे पथकाला बोलावण्याची वेळच आली नाही. पण त्यातून दिसतं ते असं, की कुतूहलाने किंवा मदतीच्या भावनेने पुढे होणारा हात आपल्या अंगवळणी पडलेला आहे. दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या सीएसटीवर पळालेल्या, जखमी झालेल्या आणि मेलेल्या प्रवाशांच्या सामानाचा ढीग गोळा करून ठेवला होता. जवळपास आठवड्याने त्या ढिगात काही किलो स्फोटकं भरलेली बॅग सापडली. इतके दिवस ती तिथेच होती, आजूबाजूला स्टेशन सुरू होतं. शेकडो बॅगांतून एक वेगळी काढायची असेल तेव्हा प्रत्येक बॅग उघडून बघणार का? आणि उघडणारा माणूस कोण?

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे येतो. त्यावर मी बराच विचार केला आहे, कारण तो आपल्या मातीत अधिकच भक्कम होतो. यंत्राला स्फोटक आणि खाण्याची वस्तू यांतला फरक कळत नाही. त्याला कळतो तो हलका पदार्थ. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती, गुळाची ढेप, तासगावच्या बेदाण्याचा खोका, साबणाच्या वड्या, मेणबत्त्यांचं पुडकं, हे सगळं पडद्यावर पांढरंधोप येणार. कराडच्या स्टँडवर एखाद्या आजीने लेकीसाठी नेलेली गुळाची ढेप कापडात घट्ट गुंडाळून बाकाखाली राहिली, तर पडद्यावर जो उजळ चौकोन दिसेल तो पाहून नवख्या माणसाच्या छातीत धस्स होईल. उलटही आहे. जाड पोलादाच्या आत काय आहे हे बॅकस्कॅटरला दिसत नाही. किरण धातूच्या पत्र्यातून काही मिलिमीटर गेले तरी पुरे. साताऱ्यात घरोघरी फौजी आहेत, आणि भंगारात एखादा जुना तोफगोळा निघाल्याच्या बातम्या महाराष्ट्राला नव्या नाहीत. असा गोळा समोर असेल तर हे यंत्र बाजूला ठेवायचं. तिथे आरपार जाणारे, जास्त ताकदीचे किरणच हवेत. आणि २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी विमानतळावर वापरलेलं एक बॅकस्कॅटर यंत्र तपासून, तयारीने आलेला माणूस त्याला चकवू शकतो, हे जाहीरपणे दाखवलं.

हे सगळं मान्य केल्यावर यंत्राचं समर्थन उरतं कुठे? ते उरतं चित्र वाचण्यात. गुळाची ढेप उजळ दिसते, पण ढेपेला बॅटरी जोडलेली नसते. बेदाण्याच्या खोक्यातून वायर निघत नाही. अनुभवी माणूस पडद्यावर पदार्थ शोधत बसत नाही. तो मांडणी पाहतो, म्हणजे काय कशाला जोडलंय आणि जिथे धातूचं काम नाही तिथे धातू का आहे. डॉक्टर एक्स-रे पाहताना 'हाड दिसतंय' एवढ्यावर थांबत नाही. म्हणून मी म्हणतो की माणूस आधी, यंत्र नंतर. पथकातल्या जवानांनी शांततेच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातल्या रोजच्या वस्तू या यंत्राखाली घालून पाहिल्या पाहिजेत: गूळ, हळद, चिक्कीचे डबे, द्राक्षांच्या पेट्या, शाळेची दप्तरं, सुताराची आणि इलेक्ट्रिशियनची पिशवी. इलेक्ट्रिशियनची तर आवर्जून, कारण वायर, बॅटरी आणि टेप यांनी भरलेली निष्पाप पिशवी तीच. परदेशातून आलेल्या प्रशिक्षणाच्या फितीत आपली ढेप नसते. ही ओळख इथेच करून घ्यावी लागेल.

चकवलं जाण्याच्या भीतीवरही एक साधा नियम पुरतो. चित्राने संशय वाढवावा. पण संशय मिटवायचा असेल तर चित्रासोबत श्वानाचं नाक आणि पथकप्रमुखाचा लेखी होकार हवा. इथे काही जण म्हणतात की मग श्वानच पुरे. १९९३ च्या मुंबईत झंजीर नावाच्या लॅब्रॅडोरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स पकडून दिलं. त्याच्या अंत्यविधीला पोलिसांनी मानवंदना दिली. वासाच्या बाबतीत श्वानाला आजही तोड नाही, हे मी बिनशर्त मानतो. पण श्वान सांगतं की इथे काहीतरी आहे. ते कसं जोडलंय, फवारा नेमका कुठे मारायचा, हे ते सांगू शकत नाही. उन्हाने ते थकतं, फटाक्यांच्या आवाजाने बिथरतं. मे महिन्यातल्या जतच्या उन्हात किंवा विसर्जन मिरवणुकीच्या ढोल-ताशांत त्याच्याकडून किती अपेक्षा करायची? नाक आणि डोळा ही दोन वेगळी इंद्रियं आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं मागणं हा वादच चुकीचा.

किरणांच्या भीतीबद्दल बोलताना मी कुणाला हिणवणार नाही, कारण या भीतीला इतिहास आहे. राँटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ ला क्ष-किरण पाहिले, त्यावर पेटंटही घेतलं नाही, आणि पुढची काही वर्षं जग त्या किरणांशी खेळण्यासारखं वागलं. एडिसनचा सहाय्यक क्लेरन्स डॅली एक्स-रे नळ्यांवर काम करता करता भाजत गेला, हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये वारला. त्यानंतरही पश्चिमेकडे कित्येक वर्षं बुटांच्या दुकानांत पायाचा एक्स-रे काढून माप दाखवणारी यंत्रं होती. लहान मुलं मजा म्हणून त्यात पाय घालत. सोय म्हणून आलेली गोष्ट धोका निघाली आणि ती बंद करायला फार उशीर झाला. त्यामुळे 'एवढ्याशा किरणांनी काय होतंय' असं कुणी म्हटलं की लोक बिचकतात, यात त्यांचं काही चुकत नाही.

पण भीतीलाही आकडे लावावे लागतात. जमीन, हवा, आकाश आणि अन्न यांतून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारा किरणोत्सार मोजायचं एकक; एक मिलिसिव्हर्ट म्हणजे हजार मायक्रोसिव्हर्ट) किरणोत्सार मिळतोच, म्हणजे तासाला साधारण पाव मायक्रोसिव्हर्ट. अमेरिकेत माणसांवर वापरायच्या बॅकस्कॅटर यंत्रांसाठी ठरवलेली एका तपासणीची मर्यादा होती ०.२५ मायक्रोसिव्हर्ट: निसर्ग एका तासात देतो तेवढी. छातीचा एक एक्स-रे साधारण ०.१ मिलिसिव्हर्टचा, त्याच्या शेकडो पट. वस्तूंसाठीचं यंत्र वेगळं असतं, पण त्याची शलाका बारीक असते आणि रिकाम्या केलेल्या फलाटावर तिच्या वाटेत माणूसच नसतो. आपल्याकडे अशा यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम लागू आहेत. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे आणि किरणांसोबत काम करणाऱ्यांच्या छातीवर मोजणी करणारा टीएलडी बॅज लागतो. माझी चिंता प्रवाशाची नाही, यंत्र धरणाऱ्या जवानाची आहे. तो वर्षभर सराव करणार, शेकडो वेळा बटण दाबणार. त्याच्या बॅजची मोजणी नियमित होते का, हे विचारणारे मला या वादात भेटत नाहीत.

आणखी एक घोळ इथे होतो. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा स्रोत आला आणि एका कामगाराचा जीव गेला. तो प्रसंग सांगून एक्स-रे यंत्राला विरोध केला जातो. पण कोबाल्ट हा स्वतःहून, रात्रंदिवस किरण सोडणारा पदार्थ. एक्स-रे नळी विजेवर चालते. बटण सोडलं की किरण थांबले, आणि खोक्यात ठेवलेलं यंत्र कुणाला काही करत नाही. या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्या की खरा धोका कुठे आहे हेच लोकांना कळेनासं होतं. मायापुरीचा धडा मोडीत निघालेल्या किरणोत्सारी स्रोतांच्या हिशेबाबद्दल आहे, आणि तो धडा अजून आपण नीट गिरवलेला नाही. त्याचा वापर दुसऱ्याच गोष्टीला अडवण्यासाठी करणं म्हणजे त्या कामगाराच्या मृत्यूलाही न्याय नाही.

माणसांवरच्या वापराबद्दल मात्र मी विरोधकांच्या बाजूने आहे, आणि ठामपणे. हेच तंत्र विमानतळांवर माणसांना तपासायला वापरलं गेलं. कपड्यांखालचं शरीर पडद्यावर दिसू लागलं, लोक संतापले. युरोपीय संघाने २०११ मध्ये एक्स-रेवर चालणारे शरीर-स्कॅनर विमानतळांसाठी मान्य करायचं नाकारलं. अमेरिकेत शरीराऐवजी साधी आकृती दाखवणारं सॉफ्टवेअर मुदतीत झालं नाही म्हणून २०१३ मध्ये ती यंत्रं हलवली गेली. न्यूयॉर्क पोलिसांनी व्हॅनमध्ये बसवलेली यंत्रं कशी वापरली जातात याची माहिती द्यायला नकार दिला, तेव्हा एका पत्रकाराला कोर्टाची पायरी चढावी लागली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. आणि हा भाग तर पत्री सरकारचा. कुंडल, वाळवा, येडेमच्छिंद्र या परिसरात झडती म्हणजे काय हे घरोघरी सांगितलं गेलेलं आहे. संशय आहे असं म्हणून कुणाच्याही गाडीवर, घराच्या भिंतीवर किंवा अंगावर हे यंत्र रोखायची मुभा राहिली तर दोन वर्षांत त्याचा वापर बॉम्बपेक्षा इतरच गोष्टींसाठी जास्त होईल. म्हणून मालक सापडत नाही आणि जिच्या आसपासची जागा रिकामी केली आहे अशाच वस्तूवर ते चालवायचं, आणि प्रत्येक वापराची वेळ, जागा, कारण नोंदवायचं, ही अट सरकारी आदेशात लिहून यायला हवी. तोंडी आश्वासनावर मी समाधान मानणार नाही.

'पण इथे बॉम्ब ठेवणार कोण?' हा प्रश्न जेव्हा शहाणी माणसं विचारतात तेव्हा मला नवल वाटतं. बॉम्ब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दहशतवादी येतो. आपल्या दोन जिल्ह्यांत स्फोटकं रोज वापरात आहेत: विहिरीच्या सुरुंगासाठी, खाणीत, क्रशरवर. जिलेटिनच्या कांड्या आणि डिटोनेटर हे इथल्या कामगारांच्या बोलण्यातले शब्द आहेत. रानडुकरांसाठी लावलेल्या गावठी बॉम्बने गाईचा जबडा फाटल्याच्या, पोराचा हात गेल्याच्या घटना डोंगरकपारीच्या गावांना नव्या नाहीत. गवतात पडलेला कागदी गोळा किंवा बंद पडलेल्या क्रशरच्या शेडमधली गंजकी पेटी, आमच्याकडची संशयित वस्तू ही अशी असते. तिच्यापाशी पहिला पोहोचतो तो पोलीस पाटील किंवा बीट अंमलदार, आणि त्याच्या हातात काठी असते.

दुसरं कारण गर्दी. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या यात्रेत जवळपास ३०० भाविकांचा जीव गेला. तिथे बॉम्ब नव्हता. अरुंद वाट, घसरड्या पायऱ्या, पेटलेली दुकानं आणि घाबरलेली माणसं एवढं पुरलं. त्यामुळे यात्रेत एखादी संशयित पिशवी सापडली तर 'लोकांना हलवा' हे वाक्य उच्चारायला सोपं असलं तरी त्या हलवण्याचीही किंमत माणसांत मोजावी लागू शकते. माउलींची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते, चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. त्या वाटेवर बेवारस वाटणाऱ्या पिशव्या, वळकट्या, ट्रंका किती असतात! वारकरी पिशवी झाडाखाली ठेवून निर्धास्त अंघोळीला जातो. तो विश्वास टिकलाच पाहिजे. मग प्रत्येक पिशवीला लाखभर माणसं मागे सारायची की तिच्याभोवती छोटं कडं करून काही मिनिटांत निर्णयापर्यंत यायचं? कोयनेच्या भागातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर पाटण तालुक्यात जमीन हलली की धरण फुटल्याची आवई उठायची. भूकंपमापकाने एकही धक्का थांबवला नाही. पण धक्का किती, केंद्र कुठे आणि धरण सुरक्षित, हे पाठोपाठ कळू लागलं तशी पळापळ कमी झाली.

पैशाचा मुद्दा उरतो. पोलिसांच्या गाड्या जुन्या, वसाहती गळक्या, आणि हे महाग यंत्र कशाला? गळक्या वसाहती दुरुस्त झाल्याच पाहिजेत, त्यासाठी मीही भांडेन. पण दोन मागण्या एकमेकींच्या गळ्यात बांधण्याची सवय आपल्याला महागात पडली आहे. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं घेऊन निघालेली बोट उलटली आणि बायका-मुलं वाहून गेली. २००५ चा महापूर पाहिलेल्या कृष्णाकाठाला बोटी लागणार हे चौदा वर्षं सगळ्यांना माहीत होतं. पुरेशा बोटी आणि त्या चालवण्याची शिस्त, दोन्ही वेळेत नव्हत्या. बॉम्ब पथकाबाबत तीच वाट बघायची आहे का? दोन्ही जिल्ह्यांना मिळून कराडला एकच यंत्र ठेवावं, अशी सूचना काही जण करतात. कागदावर ती काटकसरीची दिसते. पण कराडहून जतच्या पूर्वेकडच्या एखाद्या गावात पोहोचायला किती तास लागतील, याचा हिशेब करूनच ती मांडावी. तेवढ्या वेळात गावातला कुणी ना कुणी धीट माणूस काठीने पिशवी उलटी करून मोकळा झालेला असेल.

खरेदीबाबत मला खरी धास्ती आहे ती वेगळीच. इराकमध्ये एडीई ६५१ नावाचं 'बॉम्बशोधक' हजारोंच्या संख्येने विकलं गेलं. मुठीला जोडलेली एक अँटेना, आत काहीही नाही. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावरून बनवलेली वस्तू. बगदादच्या नाक्यांवर जवान ती हातात धरून उभे राहिले आणि स्फोटकांनी भरलेल्या गाड्या त्यांच्यासमोरून गेल्या. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. थायलंडने तसंच जीटी २०० नावाचं यंत्र घेतलं होतं. फेब्रुवारी २०१० मध्ये आंधळी चाचणी, म्हणजे उत्तर आधी न सांगता, घेतली तेव्हा ते २० पैकी ४ वेळा बरोबर आलं, नुसत्या अंदाजाइतकं. बॅकस्कॅटर हे असलं थोतांड नाही, त्यामागे पक्कं भौतिकशास्त्र आहे. पण निविदा, माहितीपत्रक आणि उद्घाटनाची फीत यांच्यामध्ये पक्क्या विज्ञानाचाही गंडा होऊ शकतो: जास्त ताकदीचं म्हणून भलतंच मॉडेल, प्रशिक्षणाविना पेटी, बॅटरी संपल्यावर कपाटात.

म्हणून माझी मागणी एवढी आहे, आणि ती सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांकडे, पोलीस अधीक्षकांकडे आणि नियोजन समित्यांकडे आहे. पैसे देण्याआधी विक्रेत्याने पोलीस परेड मैदानावर, भिंतीला टेकलेल्या बाकाखाली ठेवलेल्या बंद बॅगांवर चाचणी द्यावी. बॅगा पथकाने भराव्यात: गूळ, बेदाणे, साबण, इलेक्ट्रिशियनची हत्यारं, आणि काहींत स्फोटकाची निरुपद्रवी नक्कल जोडणीसकट. कुठल्या बॅगेत काय आहे हे यंत्र चालवणाऱ्याला आणि विक्रेत्याला, दोघांनाही माहीत नसावं. चित्र वाचणारा माणूस आपल्याच पथकातला असावा, कंपनीचा नव्हे. निकाल बरोबर आणि चूक, दोन्ही रकान्यांसकट जाहीर व्हावा. ज्या यंत्राचा विक्रेता या चाचणीला तयार होणार नाही, त्याची निविदा तिथेच बाद करावी.